जुन्या लिनक्स संगणकावरूनही ‘लाइव्ह’ करता येते

सोलापुरातील शिकवणीचालकांच्या ग्रुपवर ‘लिनक्सच्या जुन्या संगणकावर स्क्रीन रेकॉर्डिंग वा लाइव्ह होतच नाही, नवा घ्यावाच लागेल’ असा संदेश फिरत आहे. तो चुकीचा असून अनेकांना नाहक खर्चात पाडणारा आहे. ओबीएस स्टुडिओ या रेकॉर्डिंग व लाइव्हच्या लोकप्रिय प्रोग्रॅमला ओपनजीएल ३.३ (पडद्यावर चित्र उमटवण्याच्या प्रणालीची एक आवृत्ती) चालवणारे ग्राफिक्स लागते, म्हणून फार जुन्या संगणकावर तो चालत नाही, एवढेच त्यात खरे. पडदा रेकॉर्ड करणारा सिंपलस्क्रीनरेकॉर्डर आणि आज्ञा टाइप करून चालवायचा व्हिडिओ प्रोग्रॅम एफएफएमपेग यांना ती अट नाही. एफएफएमपेगमध्ये ‘एक्स११ग्रॅब’ या सोयीने पडदा टिपताना ‘अल्ट्राफास्ट’ प्रीसेट (व्हिडिओ झटपट, कमी मेहनतीत तयार करण्याची तयार मांडणी) निवडून सेकंदाला १५ फ्रेम ठेवल्या, तर प्रोसेसरवरचा भार बराच उतरतो, आणि तेच चित्र आरटीएमपी पत्त्यावर (लाइव्ह सेवा चित्र स्वीकारण्यासाठी देते तो पत्ता) थेट पाठवता येते. गणित शिकवायला तेवढे पुष्कळ आहे. लिनक्समध्ये पडदा हाताळणाऱ्या वेलँड आणि एक्सऑर्ग अशा दोन प्रणाली आहेत; वेलँड सत्रात मात्र ‘एक्स११ग्रॅब’ला काळा पडदाच मिळतो, म्हणून लॉगिन करतानाच, तो पर्याय असेल तर, एक्सऑर्ग निवडावे.