खुलासा: बॉइझी स्टेटचे ते दोन डाव वेगळे
अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या २००७ च्या फिएस्टा बोल या सामन्याबद्दल एक मजकूर फिरतोय: 'शेवटच्या ७ सेकंदांत स्टॅच्यू ऑफ लिबर्टी डाव टाकून बॉइझी स्टेटने ओक्लाहोमाला हरवलं.' साफ चूक. ७ सेकंद उरले असताना फक्त ३५-३५ अशी बरोबरी झाली, आणि तीही निराळ्याच डावावर: चौथा डाउन (म्हणजे शेवटचा प्रयत्न), चेंडू राखायला गरज १८ यार्डांची, बॉइझीच्या जेम्सने पास झेलून पळत आलेल्या रॅबकडे चेंडू सोपवला.

जादा वेळेत ओक्लाहोमाच्या टचडाउनला (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्याला) बॉइझीने टचडाउननेच उत्तर दिलं. टचडाउननंतरच्या किकच्या एका गुणाने पुन्हा बरोबरी साधता आली असती. त्यांनी किकऐवजी चेंडू पुन्हा त्या पट्ट्यात नेण्याचा, दोन गुणांचा जुगार खेळला. बॉइझीचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा खेळाडू) झॅब्रान्स्कीने पासची हूल देत पाठीमागून चेंडू सहकारी जॉन्सनच्या हाती ठेवला, तो हा प्रसिद्ध स्टॅच्यू ऑफ लिबर्टी डाव. निकाल ४३-४२, बॉइझी विजयी.