‘उगाच घाबरवता’ म्हणणाऱ्या निनावी वाचकांस

निनावी महाशय (किंवा महोदया, नाव लिहिलं नाहीत, त्यामुळे दोन्ही लिहावं लागतंय),

जुन्या आयपॉडमधली गाणी संगणकावर कशी उतरवून घ्यायची, या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी इथे जशीच्या तशी देतो. सोयीचं तेवढंच उचललं, असं नंतर कुणी म्हणायला नको.

‘लेख फारच लांबवलाय. कट-पेस्ट केलं की झालं, त्यात एवढं काय? उगाच लोकांना घाबरवता. एफ०० ते एफ४९ असे पन्नास फोल्डर सगळ्या आयपॉडमध्ये नसतात. प्लेलिस्ट, रेटिंग आणि वॅव्ह फाइलींची नावं या पद्धतीने जातात, ते सांगितलेलंच नाही. आणि मुळात हल्ली सगळं ऑनलाइन मिळतं, या डबड्यात वेळ घालवायचा कशाला? लिहिण्याआधी जरा अभ्यास केला असता तर बरं झालं असतं.’

फोल्डरांचं तुमचं बरोबर आहे. आयपॉड गाण्यांच्या फाइली ज्यांत ठेवतो ते पन्नास फोल्डर मोठ्या हार्ड डिस्कच्या आयपॉडवर असतात. नॅनो, शफल या छोट्या आयपॉडांवर कमी. लेखात तशी दुरुस्ती केली आहे, आभार. योग्य ते मी मान्य करतो, हे यावरून दिसावं.

आता अभ्यासाकडे वळू.

माझ्या वडिलांना आकाशवाणीवरून गाणी टेप करायचा नाद होता. नाट्यसंगीत, सकाळच्या रागदारीच्या मैफली, मधूनच निवेदकाचा आवाज, मधूनच आमच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी. पुढे त्या कॅसेटींना बुरशी धरायला लागली, तेव्हा मी टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाच्या लाइन-इनला जोडली आणि ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक कॅसेट उतरवत बसलो. हे काम घाईने होत नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच लागतात. समोर बसून पातळी बघावी लागते, नाहीतर तान वर गेली की आवाज फाटतो. मग तुकडे करा, प्रत्येकाला नाव द्या, राग लिहा, गायक लिहा. हे सगळं आयपॉडवर चढवलं. पुढे संगणकाची हार्ड डिस्क गेली. कॅसेटी आधीच टाकून दिल्या होत्या. म्हणजे वडिलांचा सगळा संग्रह एका आयपॉडमध्ये, आणि आयपॉडमधून गाणी बाहेर काढायची सोय आयट्यून्समध्ये, म्हणजे आयपॉडमध्ये गाणी भरायच्या ॲपलच्या सॉफ्टवेअरमध्ये, नाही. त्या वेळी जे करावं लागलं त्याला मी अभ्यास म्हणतो. तुम्ही दुसरं काही म्हणत असाल तर म्हणा.

आणि ती सोय का नाही, हेही मी मूळ लेखात लिहिलं होतं. ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही. २००१ साली आयपॉड आला तेव्हा त्याच्या वेष्टनावरच ‘संगीत चोरू नका’ असा मजकूर होता. गाणी संगणकाकडून आयपॉडकडे जाणार, उलटी येणार नाहीत, ही त्या यंत्राची घडणच आहे. एका मित्राच्या आयपॉडवरून दुसऱ्याच्या संगणकावर गाणी जायला लागली असती, तर गाण्याच्या कंपन्या कुठल्या ऐकून घेणार होत्या! पुढे ‘ट्रान्सफर पर्चेसेस’ नावाची सोय आली, पण ती फक्त आयट्यून्स स्टोअरमधून विकत घेतलेल्या गाण्यांपुरती. भारतात ते स्टोअरच मुळी २०१२ च्या डिसेंबरात उघडलं. तोवर आपल्याकडचे आयपॉड सीडींवरून, मित्रांकडून आणि माझ्यासारख्यांचे कॅसेटींवरून भरून झाले होते. त्यांना त्या सोयीचा उपयोग शून्य.

आता तुमचं मुख्य वाक्य. ‘कट-पेस्ट केलं की झालं, त्यात एवढं काय?’

सांगतो काय ते. एवीतेवी लांबवल्याचा आरोप आलाच आहे.

एकाच डिस्कवर एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये फाइल कट-पेस्ट केली तर ती जागची हलतसुद्धा नाही. फक्त तिचा पत्ता बदलतो, म्हणून ते क्षणात होतं. त्यामुळे लोकांना वाटतं की कट-पेस्ट म्हणजे फाइल उचलली आणि ठेवली. पण आयपॉड ही एक डिस्क आणि संगणकाची दुसरी. दोन डिस्कांमध्ये उचलून ठेवणं नावाचा प्रकार नसतो. तिथे आधी नक्कल होते आणि मग मूळ फाइल पुसली जाते. म्हणजे कट-पेस्ट करताना तुम्ही त्या म्हाताऱ्या आयपॉडला फाइली वाचायला लावता आणि त्याच वेळी पुसायलाही लावता. पुसणं म्हणजे डिस्कवर लिहिणं. विंडोजसाठी तयार केलेल्या आयपॉडची डिस्क फॅट३२ पद्धतीची असते. कुठली फाइल कुठे आहे याची नोंदवही त्या पद्धतीत असते, पण नोंद अर्धवट राहिली तर ती सावरून घ्यायची व्यवस्था नसते. नेमक्या त्या क्षणी केबल हलली किंवा बॅटरीने मान टाकली, तर एका गाण्यावर भागेलच असं नाही, फोल्डरच्या फोल्डर वाचता येईनासा होऊ शकतो. नुसती कॉपी करताना केबल निघाली तर? संगणकावर एक फाइल अर्धवट राहील. आयपॉडवरची मूळ फाइल आहे तिथेच आहे. पुन्हा जोडा, पुन्हा कॉपी करा. दोन्हींतला हा फरक मी लेखात दोन परिच्छेद घेऊन सांगितला, त्याला तुम्ही ‘लांबवलं’ म्हणता.

पुढे. संगणकावर डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये सापडते, ही सवय आपल्या अंगात इतकी मुरली आहे की सगळीकडे तसंच असेल असं वाटतं. आयपॉड, पेनड्राइव्ह असल्या काढता-घालता येणाऱ्या डिस्कवरून उडालेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. ती थेट जाते. मग रिकव्हरीची सॉफ्टवेअरं शोधत बसा.

आणि हेही बघा. आयपॉड गाण्यांची यादी फोल्डर बघून तयार करत नाही. त्याची स्वतःची एक नोंदवही असते, आयट्यून्सडीबी नावाची, आयपॉड_कंट्रोल या लपवलेल्या फोल्डरच्या आत. गाण्यांच्या फाइलींना त्याने चार अक्षरांची निरर्थक नावं दिलेली असतात आणि एफ००, एफ०१ अशा फोल्डरांमध्ये त्या कशाही विखुरलेल्या असतात. एका मैफलीचा पूर्वार्ध एका फोल्डरमध्ये, उत्तरार्ध भलत्याच. तुम्ही त्या फाइली कट करून नेल्यात तर नोंदवहीला ते कळत नाही. आयपॉडच्या पडद्यावर सगळी गाणी दिसत राहतात आणि चक्र फिरवून गाणं लावलं की तो एकेक गाळत पुढे पळतो. माझ्याकडे असे आयपॉड घेऊन आलेल्या लोकांना वाटत असतं की यंत्र बिघडलं. यंत्राला काहीही झालेलं नसतं. कुणीतरी त्यांना ‘कट-पेस्ट केलं की झालं’ असं सांगितलेलं असतं.

घाबरवतो म्हणता ना? मी कशाला घाबरवू, आयट्यून्सची प्रश्न विचारणारी खिडकी घाबरवत नाही हेच दुर्दैव आहे. आयपॉड नव्या संगणकाला जोडला की आयट्यून्स सभ्यपणे विचारतं, की हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी (म्हणजे दुसऱ्या संगणकावरच्या गाण्यांच्या संग्रहाशी) जोडलेला आहे, तो पुसून या लायब्ररीशी सिंक करू का? बटणावर ‘इरेज अँड सिंक’ असं लिहिलेलं असतं. माझ्या एका मित्राने मुलीच्या नव्या लॅपटॉपला आयपॉड जोडला आणि ‘सिंक’ हा शब्द वाचून ते बटण दाबलं. त्याला वाटलं, गाणी लॅपटॉपवर येतील. लॅपटॉपची लायब्ररी रिकामी होती, तेव्हा आयपॉडही तिच्यासारखाच रिकामा झाला. तो माणूस अडाणी नाही, बँकेतून निवृत्त झालेला आहे. अशाच एका आयपॉडची डिस्क मॅकसाठी तयार केलेली असली आणि तो विंडोजला जोडला, तर विंडोजला ती वाचता येत नाही आणि ते विचारतं, डिस्क फॉरमॅट करायची का? तिथेही ‘हो’ म्हणणारे महाभाग आहेत. म्हणून मी लेखात लिहिलं होतं, आणि पुन्हा लिहितो: विंडोजवर आयपॉड जोडताना कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरा, मॅकवर कमांड आणि ऑप्शन, म्हणजे आपोआप सिंक सुरू होत नाही. आयट्यून्सने काहीही विचारलं तर रद्द करा. मग आयपॉड ड्राइव्ह म्हणून उघडा, लपवलेल्या फाइली दिसतील असं करा (मॅकवर कमांड, शिफ्ट आणि टिंब), आणि आयपॉड_कंट्रोलमधला म्युझिक हा अख्खा फोल्डर कॉपी करा. कॉपी. ड्राइव्हच दिसत नसेल तर आयट्यून्समध्ये आयपॉडच्या सेटिंगमधला ‘डिस्क यूज’ चालू नाही, किंवा तुमच्या हातात आयपॉड टच आहे. तो असा उघडत नाही.

नक्कल झाली की दोन्ही फोल्डरांवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि एकूण बाइट ताडून बघा. बाइट म्हणतोय, जीबी नव्हे, कारण जीबीत दशांशानंतरचं गोल होऊन जातं. ज्यांना तेवढ्याने समाधान नाही त्यांनी टेराकॉपीसारखं सॉफ्टवेअर वापरावं. त्यात नक्कल आणि मूळ फाइल आतून जुळवून बघता येतात. हा सगळा उद्योग मनस्तापाचा वाटत असेल तर एक लक्षात घ्या. चक्रवाला शेवटचा मोठा आयपॉड, १६० जीबीचा क्लासिक, २०१४ च्या सप्टेंबरात विक्रीतून गेला. म्हणजे घरात पडलेला कुठलाही क्लासिक दहा वर्षांहून जुना आहे आणि त्याच्या पोटात १.८ इंचाची फिरती हार्ड डिस्क आहे. ती अजून किती वेळा फिरेल हे तुम्हीही सांगू शकत नाही. तिच्यावरून एकदा नीट वाचून घ्यायचं आणि तिच्यावर काही लिहायचं नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. ते तुम्हाला भीती घालणं वाटलं, हा तुमचा प्रश्न.

प्लेलिस्ट आणि रेटिंगबद्दल. होय, ती आयट्यून्सडीबी या नोंदवहीत असतात, फाइलीत नसतात, त्यामुळे नुसत्या फाइली आणल्या तर ती येत नाहीत. वॅव्ह या प्रकारच्या ध्वनी-फाइलींचंही तेच, एमपी३ मध्ये गाण्याचं नाव फाइलीच्या आतच टॅगमध्ये बसतं, आयट्यून्स ते वॅव्हमध्ये लिहीत नाही. नोंदवही वाचणारी वेगळी सॉफ्टवेअरं मिळतात. पण माझ्या लेखाचा विषय गाणी वाचवण्याचा होता. पाण्यात बुडणाऱ्याला आधी काठावर घेतात, त्याचा भांग नंतर पाडतात. ज्यांना आपण गाण्याला किती तारे दिले होते याची चिंता आहे, त्यांच्यासाठी सवडीने लिहीन.

आणि ‘सगळं ऑनलाइन मिळतं’. बरं. माझ्या वडिलांनी रेडिओवरून टेप केलेली मैफल, आमच्या कुकरच्या शिट्टीसकट, ज्या दिवशी तुम्हाला ऑनलाइन मिळेल त्या दिवशी दुवा पाठवा. त्याला ‘डबडं’ म्हणण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, हे विचारणार होतो, पण जाऊ दे.

एक मात्र खरंच मनाला लागलं. मी हे सगळं फुकट लिहितो. या पानावर एकही जाहिरात नाही. लोक निरोप पाठवतात, फोन करतात, आयपॉड घेऊन घरी येतात, आणि बायको चहा टाकते. त्याची कुणी दखल घ्यावी असं नाही. पण पाच ओळींत एक चूक दाखवायची, एक शेरा मारायचा आणि नाव न लिहिता निघून जायचं, याला काय म्हणावं? यापुढे निनावी प्रतिक्रियांना उत्तर देणार नाही. प्रसिद्ध करेन, उत्तर देणार नाही.

त्याच लेखाखाली आणखी एका वाचकाने केबलबद्दल विचारलं आहे, तेही नावासकट आणि नमस्कारासकट. त्यांच्यासाठी: क्लासिकला ३० पिनांची रुंद केबल लागते, २०१२ पासून आलेली लायटनिंगची नव्हे. जुन्या बाजारात भरपूर मिळतात. घेताना दुकानातच आयपॉड जोडून बघा. चार्जिंग होतंय म्हणजे केबल चांगली असं समजू नका. काही केबलींतून फक्त वीज जाते आणि फाइली दिसतच नाहीत. दुकानदाराच्या संगणकावर ड्राइव्ह उमटला तरच पैसे द्या. तिथेही तेच, जोडताना कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरा, आणि त्याच्या आयट्यून्सने काही विचारलं तर रद्द करा.