हरकत नसलेल्यांसाठी काही सूचना

महापालिकेचा कारभार सुखाने सोसायचा असेल, तर निर्णय कधी, कुठे आणि कोणी घेतला हे आपल्याला कळता कामा नये. निर्णय थेट दारात यावा. जेसीबीवर बसून आला तर उत्तमच. आधी चाहूल लागली की जीवाला घोर लागतो, आणि घोर लागलेला माणूस कागद वाचू लागतो.

सगळ्यात धोक्याचा कागद म्हणजे वर्तमानपत्रातली जाहीर सूचना. गहाळ झालेल्या खरेदीखतांच्या गर्दीत ती बारीक टायपात अंग चोरून बसलेली असते. 'महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम ३७ अन्वये' अशी सुरुवात होते आणि चौथ्या ओळीपर्यंत क्रियापदाचा पत्ता नसतो. इथेच थांबा. पुढे वाचलंत तर कळेल, की अमुक सर्व्हे नंबरातल्या जागेवरचं खेळाच्या मैदानाचं आरक्षण वगळून ती निवासी विभागात घ्यायचं चाललंय. मग तो सर्व्हे नंबर म्हणजे तुमच्या गॅलरीसमोरची मोकळी जागा, हेही कळेल. आणि हरकत घ्यायला महिन्याची मुदत आहे, हे तर कळूच नये. 'शाळेमागचं मैदान' असं सरळ छापलं असतं तर गल्लीतल्या पोरांनीसुद्धा हरकती लिहून दिल्या असत्या, म्हणून तर सर्व्हे नंबर छापतात. महिना निवांत जाऊ द्या. मग पत्रे ठोकून जागा बंद झाली, की सोसायटीच्या ग्रुपवर 'हे कसं काय होऊ दिलं?' असं खडसावून विचारा. तिथे हरकत घ्यायला मुदत नसते.

अर्थात पालिकेने दर वेळी काही करायलाच हवं असं नाही. काहीच न करणं हा तर तिचा सगळ्यात कसलेला निर्णय. त्याच कायद्याचं कलम १२७ बघा. (बघू नका, मीच सांगतो.) विकास आराखड्यात बागेसाठी, दवाखान्यासाठी खासगी जागा राखून ठेवायची. नकाशात ती हिरवी, पिवळी रंगवायची. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षं ती ताब्यात घ्यायची नाही. मग जागामालक खरेदीची नोटीस देतो. आता पालिकेच्या हातात उरतात २४ महिने. फाइल भूसंपादनाकडून नगररचनेकडे, नगररचनेकडून विधी विभागाकडे, तिथून लेखा विभागाकडे आणि तिथून 'अभिप्रायासह परत'. मुदत संपते आणि आरक्षण व्यपगत होतं. बाग गेली, पण ती घालवायला ना ठराव लागला, ना मतदान. कोणाला जाब विचाराल? प्रत्येक टेबलावर फाइल वेळेत आली आणि वेळेत गेली, अशी नोंद असते.

पैसे नव्हते, असं उत्तर मिळेल. ते पुष्कळदा खरंही असतं. शहरातल्या जमिनीचा मोबदला द्यायचा म्हणजे भल्याभल्या पालिकांचे डोळे पांढरे होतात. तेव्हा मान डोलवा आणि घरी या. त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात चौकातल्या स्वागतकमानीला किती तरतूद होती, ते पान उघडू नका.

सर्वसाधारण सभा प्रेक्षकांच्या सज्जातून बघता येते, असं कोणी सांगितलं तरी जाऊ नका. गेलात तर आधी दिवंगतांना श्रद्धांजली वाहतात आणि ती वाहून सभा तहकूब होते. चिवटपणे पुढच्या तारखेला गेलात, तर तासभर रस्त्याला कोणाचं नाव द्यायचं यावर रणकंदन. खरा माल शेवटी येतो. आयत्या वेळचे विषय! ते विषयपत्रिकेवर नसतात, त्यामुळे कोणी वाचून येण्याचा प्रश्नच नाही. क्रमांक पुकारला जातो, बाकांवरून 'मंजूर, मंजूर' होतं आणि एखादा नगरसेवक 'अहो, विषय काय आहे?' म्हणेपर्यंत राष्ट्रगीत सुरू झालेलं असतं. त्यातले काही 'उपसूचनेसह मंजूर' असतात. उपसूचना काय होती, हे पुढे इतिवृत्तात उमटेल तेव्हा कळायचं.

वर्गीकरण नावाचा आणखी एक प्रकार आहे. तुमच्या गल्लीतल्या ड्रेनेज लाइनसाठी ठेवलेले पैसे वर्ष संपता संपता पेव्हर ब्लॉककडे वळवणं म्हणजे वर्गीकरण. यात चिडण्यासारखं काय आहे? ड्रेनेज जमिनीखाली असतं, तिथे 'यांच्या प्रयत्नांतून' असा फलक कुठे लावणार? मार्चमध्ये धडधाकट ब्लॉक उखडून नवे बसवताना दिसले तर कडेने चाला. निधी लॅप्स होऊ नये म्हणून माणसं रात्रीचा दिवस करतात, त्यांना अडवू नये.

सभेचा एवढाच कंटाळा असेल, तर मधली वर्षं आठवा. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, पुण्याची त्याच महिन्यात, आणि पुढचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या, असं राज्यघटना म्हणते; पण ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद कोर्टात होते, आणि घटनेला धीर धरण्याची सवय आहे. तोवर आयुक्त हेच प्रशासक. आयुक्तांनी प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासकांनी तो मंजूर करायचा. तहकुबी नाही, गोंधळ नाही, राजदंड पळवणं नाही. आपलं स्वतःशी तरी इतकं पटतं का?

आता नगरसेवक परत आलेत, तेही सढळ हाताने. मुंबई सोडली तर राज्यातल्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, बहुतेक ठिकाणी चार-चार नगरसेवकांचे. पाणी आलं नाही, तर 'अ' जागेवर निवडून आलेल्या ताईंकडे जा. त्या म्हणतील, "काका, तुमची गल्ली 'क'वाले दादा बघतात." दादा म्हणतील, "पाइपलाइनचं काम 'ड'कडे आहे, मी दिवाबत्ती बघतो." 'ड' गावाला गेलेले असतील. 'ब'च्या कार्यालयात एक मुलगा तुमचं नाव वहीत लिहून घेईल आणि वाढदिवसाची तारीखही विचारेल. कायद्याने चौघंही अख्ख्या प्रभागाचे आहेत, गल्ल्यांची वाटणी त्यांनी आपापसात केलेली असते, हे त्या मुलाला ऐकवत बसू नका. तारीख सांगा आणि उठा. चौघं एकत्र हवेच असतील तर भूमिपूजनाला जा, तिथे एकाच फलकावर सापडतात. मात्र त्या दिवशी पाण्याचा विषय काढू नका. माइक चालू असतो.