सस्पेन्स खात्यातला चिवडा

माझ्या पँटी कमरेत आवळताना टेलरमास्तर तेव्हा म्हणाले होते, "साहेब, आत दोन इंच मार्जिन ठेवतो." मला त्यांची कीवच आली. सहा महिन्यांत 86 वरून 73 किलोवर आलेल्या माणसाला हे मार्जिन विचारतात! म्हटलं, "कापून टाका. तो माणूस आता परत येत नाही."

तो माणूस परत आला. पावणेदोन वर्षं लागली, पण आला. एकदम आला असता तर दारातच अडवला असता. तो हप्त्याहप्त्याने आला, महिन्याला अर्धा किलोसुद्धा नाही, आणि शेवटी 82 वर येऊन पाय पसरून बसला. परवा पाच पँटी घेऊन मास्तरांपुढे उभा राहिलो, तर त्यांनी कंबरपट्टी उलटी केली आणि शिवणीवरून नख फिरवून दाखवलं. "आत काही नाही हो. तुम्हीच कापायला लावलं होतंत." एवढंच बोलले. कोपऱ्यात बटणं लावणारा पोरगा मात्र मनसोक्त हसला.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. आमच्याकडे ताण अचानक येत नाही, तारखेने येतो. 7 ला टीडीएस भरायचा, 11 ला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीच्या बिलांचं विवरण, 15 ला पीएफ, 20 ला जीएसटीचंच दुसरं विवरण, थ्रीबी. त्यामुळे माझं खाणंही तारीखवार आहे. सातला नुसता वडापाव. अकराला कुठल्यातरी बिलावर ग्राहकाचा जीएसटी नंबर चुकलेला निघतो, म्हणून वडापावाबरोबर सामोसा. पंधराला तसं काही विशेष नसतं, पण ती अकरा आणि वीसच्या मधे पडते, म्हणून क्रीमची बिस्किटं. वीसला मी काय खातो ते मलाच आठवत नाही. एकविसाव्या दिवशी ड्रॉवरमध्ये तेलकट कागद सापडतात, त्यावरून अंदाज बांधायचा.

आणि मग मार्च. मार्चमध्ये सगळ्या तारखा एकाच दिवशी असतात आणि तो दिवस एकतीस दिवस चालतो. यंदा त्यात लेकीची बारावी. अभ्यास ती करत होती, ताण मी खात होतो. ती फिजिक्सच्या पेपरला गेली तेव्हा मी केंद्राबाहेरच्या गाडीवर तीन तासांत दोन प्लेट भजी आणि एक साबुदाणा वडा संपवला. पेपर तिला सोपा गेला. मला जरा जड गेला.

वजन कमी झालं होतं तेव्हा सोसायटीत काय मान होता म्हणून सांगू. लिफ्टमध्ये लोक थांबवून विचारायचे, "दीक्षित की दिवेकर?" महाराष्ट्रात वजन कमी करणाऱ्याला आधी पक्ष सांगावा लागतो. एकीकडे दिवसातून दोनदाच जेवा, तेही 55 मिनिटांच्या आत. दुसरीकडे दर दोन तासांनी थोडं थोडं खा, वर साजूक तूप घ्या. मी दोन जेवणांच्या पक्षातला, आणि नव्याने बाटलेला असल्यामुळे बांग जरा जोरातच द्यायचो. दोन्ही पद्धती एकत्र पाळणाऱ्या माणसाचा विनोद व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता, तोही मीच चार ग्रुपवर पुढे ढकलला होता. हल्ली तो परत आला तर मी नुसताच अंगठा देतो. आता तो माझा दिनक्रम आहे.

त्या मानसन्मानात एक बारीक मेख होती, ती मी कोणाला सांगितली नव्हती. आपल्याकडचे डॉक्टर भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 23 च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात, आणि 25 पासून लठ्ठपणा. माझी उंची 170 सेंटीमीटर. म्हणजे 73 किलोला बीएमआय सव्वापंचवीस. सेक्रेटरींनी गणपतीच्या स्टेजवर बोलावून माझं कौतुक केलं आणि नारळ दिला, त्या दिवशीसुद्धा मी कागदोपत्री लठ्ठच होतो. आईला मात्र फोनच्या स्क्रीनवर मी तेव्हा "अगदी चिपाड" दिसायचो. आता 82 ला तिच्या मते "जरा तोंडावर तेज" आलंय.

या वेळी मात्र मी पद्धतशीर जायचं ठरवलं. खाल्लेल्याचा हिशेब ठेवायचा असं सगळेच सांगतात, आणि हिशेब हाच तर आपला धंदा. एक्सेल उघडलं. तारीख, वेळ, पदार्थ, प्रमाण, कॅलरी. पहिल्या आठवड्याची सरासरी निघाली पंधराशे. वहीप्रमाणे मी बारीक व्हायला हवा होतो. काट्यावर सातशे ग्रॅम वाढ. आता अकाउंट्समध्ये दोन बाजूंचा मेळ बसला नाही तर फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात आणि पुढे शोधत बसतात. मीही शोधायला बसलो. माझ्या सस्पेन्स खात्यात काय निघावं? उभ्याने खाल्लेलं सगळं. तव्यावरून उतरलेल्या पोळीचा, गरम आहे म्हणून, तूप लावून तुकडा. लेकीच्या ताटातलं, अन्न वाया जाऊ नये म्हणून. दुकानदाराने चव बघायला हातावर ठेवलेली बाकरवडी, आणि पहिलीची चव नीट कळली नाही म्हणून दुसरी. सत्यनारायणाचा प्रसाद, कारण प्रसादाला कॅलरी लावणं बरं दिसत नाही. बसून खाल्लं तर ते खाणं, उभ्याने घेतलं तर ते नुसतं स्वयंपाकघरातून जाणं, अशी माझ्या मनाची समजूत फार जुनी आहे.

या खात्यात सगळ्यात मोठी रक्कम चिवड्याची.

मार्चच्या तेविसाव्या रात्री, पावणेअकराला, साहेबांचा मेसेज आला: "सकाळी लवकर या. बोलायचंय." काय बोलायचंय ते नाही. वाचता वाचताच माझे पाय स्वयंपाकघराकडे निघाले होते. दिवा न लावता वरच्या फळीवरचा स्टीलचा डबा काढला. या डब्याचं झाकण घट्ट आहे आणि उघडताना ते 'टण्ण' असं वाजतं, म्हणून डबा पोटाशी धरायचा आणि झाकण पोटावर दाबतच फिरवत काढायचं. या एका कामी पोट फार उपयोगी पडतं. आधी वरची खोबऱ्याची कापं. मग डाळं. काजू दिसेनासे झाले की डबा हलकेच हलवायचा. मोठे तुकडे वर येतात आणि बारीक पोहे खाली जातात. हे निसर्गाचे नियम आहेत, मी केलेले नाहीत. असं दोन-तीनदा हलवलं. शेवटी तळहाताने वरचा थर सारखा केला, रेशनचा दुकानदार माप सारखं करतो तसा, आणि डबा जागेवर ठेवला. ठेवताना त्याचा कान आधी होता त्याच बाजूला वळवला. एवढी काळजी मी बँकेचा हिशेब जुळवतानासुद्धा घेत नाही.

सकाळी साहेबांना बोलायचं होतं ते त्यांच्या पुतण्याच्या लग्नाच्या आहेराबद्दल.

संध्याकाळी बायकोने डबा उघडला. "यात नुसते पोहे आणि कढीपत्ता कसा?"

"हल्ली काजू कमीच घालतात गं. महागलेत ना."

"चिवडा मी केलाय," ती म्हणाली.

घरातला चिवडा त्या दिवसापासून बंद झाला आणि मखाने आले. मखान्यांबद्दल माझा आकस नाही, पण ताणावर ते चालत नाहीत. ताणाला आवाज लागतो. चकली कडकन मोडली की डोक्यात चाललेलं साहेबांचं बोलणं घटकाभर ऐकू येत नाही. मखाना दाताखाली येतो तो नवीन टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलसारखा, कण्हत. पुढे बायकोने ते तुपात परतून मिरपूड घातली, तेव्हा मात्र मी अख्खी पिशवी संपवली. तूप साजूक होतं, तेव्हा माझ्याकडून पक्षांतराचा गुन्हाही घडला.

"ताण आला की दहा मिनिटं थांबा, इच्छा ओसरते," असं आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं. मी थांबलो. फ्रिजसमोर थांबलो. दहा मिनिटांत शेवेच्या पाकिटामागचं बारीक अक्षरातलं सगळं वाचून काढलं. त्यात आकडे होते ते तीस ग्रॅमचे. तीस ग्रॅम शेव म्हणजे किती, हे बघण्यापुरतीच मी काढून घेतली.

दोष कुणावर तरी टाकायला हवा होता. रात्री झोप येईना म्हणून फोनवर शोधत बसलो आणि घबाड मिळालं. 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास निम्म्या अन्नावर ठेवलं. ते पठ्ठे दिवसरात्र खाण्याचंच बोलू लागले. काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवली. मी वाचता वाचता उठूनच बसलो. अहो, मी रात्री साडेअकराला जेवण बंद असताना खानदेशी शेवभाजीचे व्हिडिओ बघतो, ते हेच! पुढे 2016 चा एक अभ्यास सापडला. टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतले 14 स्पर्धक सहा वर्षांनी पुन्हा तपासले, तर बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं, आणि शरीर मात्र अजून काटकसरीतच. दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे 500 कॅलरी कमीच जाळत होतं. शिवाय ताणात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं आणि जीव गोडाकडे, तेलकटाकडे ओढ घेतो, तेही लिहिलेलं होतं. मी बायकोला उठवून हे सगळं वाचून दाखवलं. माझ्या चारित्र्यावरचा डाग पुराव्यानिशी धुतला जात होता.

तिने डोळे न उघडता विचारलं, "मग काजू कोणी खाल्ले? मिनेसोटाने?"

खरं सांगायचं तर आहारतज्ज्ञ बाईंच्या सल्ल्यापेक्षा बायकोची एक कसोटी मला जास्त पटते. मी "भूक लागलीये" म्हटलं की ती विचारते, "दुधीची भाजी आहे, देऊ?" मी म्हणतो, "नको, एवढी नाही." "मग ती भूक नाही," ती म्हणते आणि वर्तमानपत्र उघडते. गेल्या वर्षभरात ही कसोटी माझ्यावर शेकडो वेळा लागली असेल. मी एकदाही उतरलो नाही. माझ्या भुकेने दुधीचं नाव ऐकलं की ती शहाण्या मुलीसारखी परत जाऊन झोपते.

एकतीस मार्चला घरी यायला सव्वाबारा झाले. दुपारी दीडला डबा खाल्ला होता, त्यानंतर सव्वीस लाखांचा एक फरक शोधण्यात वडापावसुद्धा राहून गेला. फरक शेवटी सापडला, एक बिल दोनदा चढलं होतं. घरात सगळे झोपलेले. स्वयंपाकघरात उभा राहिलो. सवयीने हात वरच्या फळीकडे गेला आणि मी स्वतःलाच विचारलं: दुधी चालेल?

आतून उत्तर आलं, चालेल.

मला खरंच वाटेना. पुन्हा विचारलं. पळेल म्हणालं! फ्रिज उघडला, दुधीचं पातेलं काढलं. गार, वर तेलाचा पांढरट थर, मधे हरभऱ्याची डाळ. गरम करत बसलो नाही, न जाणो तेवढ्यात मन फिरायचं. उभ्याउभ्याच पोह्याच्या चमच्याने खाऊ लागलो. काय लागत होती म्हणता! शेवटी पातेल्याच्या कडा चमच्याने खरवडल्या, आणि या वेळी आवाजाची फिकीर केली नाही.

सकाळी बायको पातेलं हातात घेऊन उभी. "भाजी कुठे गेली? आजच्या डब्याची होती."

"मी खाल्ली," मी छाती काढून म्हणालो. "दुधी. स्वतःहून. खरी भूक होती."

ती काही क्षण माझ्याकडे आणि पातेल्याकडे बघत राहिली. "चार जणांची होती," म्हणाली, आणि बटाटे चिरायला बसली.

मी तेवढ्यात एक्सेल उघडलं. ही नोंद कधी नव्हे ती अभिमानाने करायची होती. 'दुधीची भाजी, एक पातेलं' लिहिलं. आणि तिथेच अडलो. खाल्ली उभ्यानेच होती.