जळालेल्या कम्प्युटरचं राजीनामापत्र

सॉफ्टवेअर कंपनीचा मेल आला की मी आधी शेवटून वाचतो, कारण पैशाचा आकडा तिथे असतो. या मेलची सुरुवात मात्र फार गोड होती. 'आमच्या लायसन्स व सपोर्ट लाभांतील सुधारणा जाहीर करताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे.' समोरच्या पार्टीला एवढा आनंद झाला म्हणजे खिसा आपला जाणार, हे दारव्ह्याच्या बाजारात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

माझं कृषी केंद्र आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि एकाच फळीवर बियाण्याला शून्य, खताला पाच, सूक्ष्म अन्नद्रव्याला बारा, कीटकनाशकाला अठरा टक्के असा मामला झाला. लाल वहीला ते झेपेना, म्हणून हिशेबाचं सॉफ्टवेअर घेतलं. एकरकमी पैसे, लायसन्स कायमचं. सपोर्ट म्हणजे तालुक्याहून एक पोरगा मोटारसायकलवर यायचा. माउसची तार काढायचा, फुंकर मारायचा, परत लावायचा, की चालू! मग चहा.

आता मेलप्रमाणे लायसन्स माझंच राहील. पण अपडेट, फोनवरची मदत आणि लायसन्स एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवणं हे 'लाभ' दरसालचे पैसे भरणाऱ्यालाच. पोऱ्याचा तर उल्लेखही नाही. सालदाराची बोली आपण पाडव्याला करतो, पण तो कधी पोळ्याच्या सुमारास येऊन 'आजपासून बैल जुपणं प्रीमियममध्ये गेलं' असं म्हणत नाही.

मी मेल बंद केला आणि कामाला लागलो. मेलनं मात्र मला सोडलं नाही.

परतीच्या पावसात वीज कडाडली आणि कम्प्युटरमधून धूर निघाला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जगजाहीर होतं. आमच्या मशीननं मुहूर्त तेवढा गाठला. नवीन आणलं, बॅकअप पेनड्राइव्हवर होताच. सॉफ्टवेअर टाकलं तर पडद्यावर सूचना: 'प्रथम जुन्या कम्प्युटरवरून लायसन्स सरेंडर करा.'

दरसालचे पैसे मुकाट्यानं भरले. त्यावर अठरा टक्के जीएसटी वेगळा. मग हेल्पलाइन लागली, पलीकडे एक मॅडम.

"सर, जुना कम्प्युटर चालू करा."

"तो जळाला ना जी."

"ओके सर. चालू झाला की मेनूमध्ये जा."

काउंटरपाशी नानाजी हरभऱ्याच्या पिशवीवर हात ठेवून उभे. मी हातानं बिल देतो म्हटलं तर ते ऐकायला तयार नाहीत. "मांगच्या साली हरभरा निंघाला नाही. तक्रारीले गेलो त सायेब म्हणे लॉट नंबर दाखव. तुह्या अक्षरात त मले माहं नावबी सापडलं नाही. छापीलच पायजे."

मॅडम म्हणाल्या, स्क्रीन शेअर करा. आमच्याकडे नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि रेंज म्हणजे दुकानाच्या मागच्या खिडकीची डावी चौकट. त्यात फोनवर बोलणं चालू झालं की नेट जातं. म्हणजे मॅडम बोलल्या तर त्यांना स्क्रीन दिसत नाही, आणि स्क्रीन दिसली तर त्या काय म्हणतात ते मला ऐकू येत नाही. शेवटी नानाजींचा फोन मागितला. त्यांनी तो अंगातल्या बंडीतून काढला, प्लास्टिकची पिशवी सोडली, रबर मनगटाला अडकवलं आणि म्हणाले, "बोल, पन बॅलन्स पाहून बोलजो."

तरी ओटीपी गेलाच पुण्याला. २०१७ साली नोंदणी करताना भाच्याचा नंबर दिला होता, आणि भाचा मीटिंगमध्ये. नानाजींनी शांतपणे विचारलं, "लायसन्स तुहं, दुकान तुहं, मंग परवानगी पुन्यावाल्याची काहून?" मॅडमनाही हे ऐकू गेलं असावं. पलीकडे खोकल्यासारखं काहीतरी झालं.

भाच्यानं ओटीपी कळवला. मॅडमनी आपल्या बाजूनं ते जुनं लायसन्स सोडवलं. म्हणजे हे आधीपासून त्यांच्या हातात होतंच! बॅकअप उघडला, आणि त्यात सूक्ष्म अन्नद्रव्य अजून बारा टक्क्यांवर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते पाचवर आलंय. तेवढं हातानं बदललं, कारण नानाजींच्या थैलीत झिंकची एक पुडीही होती. बियाण्याला शून्य, झिंकला पाच, लॉट नंबर ठळक. प्रिंटर घरघरला.

नानाजींनी कागद उजेडाकडे धरला, लॉट नंबर पिशवीवरच्या नंबरशी ताडून पाहिला, घडी घालून बंडीत ठेवला आणि पिशवी खांद्यावर टाकली.

"मस्त बिल झालं भाऊ. पैसे कापूस इकला का देतो. थ्या लाल वहीत मांडून ठेवजो."