'मूळ नियम वाचलेला दिसत नाही' : एका प्रतिक्रियेला उत्तर

'निवृत्त अभियंता' या नावाने लिहिणारे वाचक,

विमान रद्द झाल्यावर मिळणाऱ्या भरपाईवरचा माझा लेख तुम्ही पूर्ण वाचलात असं धरून चालतो. तुमचे आक्षेप तीन : तांत्रिक बिघाडाचं खापर मी सरसकट कंपनीवर फोडतो, भरपाईच्या धाकाने कंपन्या नादुरुस्त विमानं उडवतील, आणि शेवटी तिकिटं महागतील. पण या सगळ्याआधी तुमचं पहिलंच वाक्य आहे, "लेखकाने मूळ नियम वाचलेला दिसत नाही, दोन बातम्यांवरून प्रवाशांना चिथावणी दिली आहे."

आधी एक चूक कबूल करतो. युरोपीय संघाचा २६१ क्रमांकाचा नियम २००४ पासून लागू आहे, असं मी लिहिलं होतं. नियम २००४चाच, पण लागू झाला १७ फेब्रुवारी २००५ रोजी. दुरुस्ती केली आहे. (ही चूक तुम्ही दाखवली नव्हती, मलाच सापडली. असो.)

आता 'वाचलेला दिसत नाही' याबद्दल. हा नियम मी हौसेने वाचलेला नाही. युरोपातल्या एका विमानतळावर रात्री साडेअकराला आमच्या विमानापुढे 'रद्द' असं झळकलं, तेव्हा सोबत आई होती, तिच्या इन्सुलिनची पिशवी होती आणि काउंटरवर एक कंटाळलेला तरुण होता. कारण? 'तांत्रिक.' हॉटेल? 'आज शक्य नाही.' भरपाई? त्याने एक कूपन पुढे सरकवलं, पुढच्या प्रवासात वापरायचं. खाली सहीची जागा. आई म्हणाली, "कर बाबा सही, कुठे टेकायला तरी जागा बघू." मी केली नाही. का नाही, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. भरपाई पैशांतच द्यायची, कूपन द्यायचं तर प्रवाशाची सही असलेली संमती हवी, हे सातवं कलम मी नंतर तिथेच फरशीवर बसून मोबाइलवर वाचलं. नवव्यात जेवण आणि हॉटेल. चौदाव्यात, प्रवाशाला त्याचे हक्क लेखी द्यायचे. आम्हाला कागदाचा कपटाही मिळाला नव्हता. उजाडेपर्यंत एकोणीसच्या एकोणीस कलमं वाचून झाली होती.

पुढे सात महिने पत्रव्यवहार. कंपनीच्या प्रत्येक उत्तरात 'असाधारण परिस्थिती' हे दोन शब्द असायचेच, कारण ती सिद्ध झाली तर कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही. अखेर ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाचे माणशी ६०० युरो हातात पडले. माझी भाषा आवडली नाही म्हणा, ऐकून घेईन. वाचलं नाही म्हणू नका.

बिघाडाबद्दल माझ्या लेखात 'बहुतेक वेळा' असे शब्द आहेत. त्यांचं 'सरसकट' तुम्ही केलंत. २००८ साली वॉलेंटिन-हेर्मान प्रकरणात युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की देखभाल करताना सापडलेला किंवा देखभाल न केल्यामुळे उद्भवलेला बिघाड हा कंपनीच्या नेहमीच्या कामकाजाचाच भाग आहे, तो असाधारण ठरत नाही. उत्पादकाने नंतर कळवलेला छुपा दोष किंवा घातपात, ही गोष्ट वेगळी. पक्षी धडकणं असाधारण मानलं गेलं, ते २०१७च्या पेशकोवा प्रकरणात. हे सगळं लेखाच्या चौथ्या परिच्छेदात आहे. तुम्ही बहुधा तिसऱ्यातच चिडलात.

तीस वर्षं विमानदुरुस्तीत काढली असं तुम्ही लिहिता. आदर आहे. पण बिघाड कसा काढायचा हे ठाऊक असलं, म्हणून त्याचे पैसे कोणी सोसायचे हेही ठाऊक असतंच असं नाही. हँगरमधून फरशीवर बसलेले प्रवासी दिसत नाहीत.

राहता राहिलं नादुरुस्त विमानं उडवण्याचं. पैशापायी तुमचेच व्यवसायबंधू सदोष विमानाच्या कागदावर सही करतील, हे तुम्ही म्हणताय, मी नव्हे. तिकिटं महागतील तर महागोत, त्या हिशेबात मी शिरत नाही.

'चिथावणी' हा शब्द मागे घेतलात तर बरं वाटेल. नाही घेतलात, तरी तुमची प्रतिक्रिया मी उडवणार नाही.