नरकासुराच्या डोळ्यांत दिवे

चतुर्थी आटोपते, गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळे वाटून संपतात आणि गोव्यात फोंड्याकडच्या प्रत्येक वाड्यावर एकच प्रश्न उभा राहतो: यंदा नरकासुर किती फुटांचा? दिवाळीच्या पहाटे जाळायच्या या पुतळ्याचे नुसत्या गवता-कागदाचे दिवस गेले. आता आत लोखंडी सांगाडा हवा, वायपरच्या मोटरीवर वरखाली होणारा हात हवा, मान वळायला हवी. म्हणजे अँगल आला, पाइप आला, वेल्डिंग आले. आणि वेल्डिंग आले की पोरांची पावले माझ्या ग्रिल-गेटच्या शेडकडे वळतात. मशीन मागतात, रॉड मागतात, आणि जाता जाता खुंटीवरचे, आपोआप काळी होणाऱ्या काचेचे वेल्डिंगचे हेल्मेट उचलतात. ‘काका, ते ऑटोवाले देता?’

देतो. नाही म्हटले तर वर्गणी दुप्पट लावतात. हेल्मेट दरवर्षी जाते, दरवर्षी परत येते, आणि ते कोणत्या अवस्थेत परत येते हे बघून माझा जो काही अभ्यास झाला आहे, तो यंदा तुमच्यापुढे मोकळा करतो.

पहिली गोष्ट, ‘ऑटो’ या शब्दावर गाढ श्रद्धा ठेवा. काच आपोआप काळी होते, त्याअर्थी बॅटरी आपोआप भरत असणार, ओरखडे आपोआप बुजत असणार आणि तुम्ही हेल्मेट डोक्यावर उचलून ठेवले असले तरी डोळे आपोआप वाचत असणार. ही काच स्वीडनमध्ये १९८१ च्या सुमारास बाजारात आली. आर्क, म्हणजे रॉड टेकवल्यावर उठणारा झगझगीत उजेड, पेटल्यावर सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या भागात ती काळी होते. पंचवीस हजारावा भाग! आपल्याकडे मीटिंग सातची असेल तर आठला सुरू होते. एवढी घाई करणाऱ्या वस्तूला आपण आणखी काय सांभाळायचे?

विकत घ्यायची वेळ आलीच तर स्वस्तातले बघा. डब्यावर ज्वाळा, गरुड किंवा कवटी असेल तर डोळे झाकून घ्या. डोळे झाकायची सवय पुढे उपयोगी पडेल. कधीकधी काचेच्या पट्टीवर बारीक अक्षरांत १/१/१/२ असे आकडे असतात. काचेतून चित्र किती स्वच्छ दिसते, तिरके बघितल्यावर छटा किती बदलते, अशा गोष्टींची ती प्रतवारी असते आणि तिच्यात १ सर्वांत चांगला, ३ सर्वांत वाईट. पण आपण दहावीच्या मार्कांवर वाढलेली माणसे. जास्त आकडा तो चांगला, हे तत्त्व सोडू नका.

नवीन हेल्मेटच्या काचेवर एक पातळ पारदर्शक कागद चिकटवलेला असतो. तो मुळीच काढू नका. गाडीच्या सीटचे प्लास्टिक आपण पाच वर्षे काढत नाही, फ्रिजवरचा स्टिकर फ्रिज भंगारात जाईपर्यंत टिकवतो, मग इथेच का उधळेपणा? एका पोराने मागच्या साली तो कागद तसाच ठेवून सांगाड्याचा गुडघा जोडला. कडेने कागद वितळून त्याच्या सुरकुत्या पडल्या होत्या. मला म्हणाला, ‘काका, काच जरा धुरकट आहे, चायनाची असणार.’ मी नखाने कागद ओढून काढला. खाली लख्ख काच. तो ज्या नजरेने माझ्याकडे बघत होता, त्यावरून मी त्याच्या हेल्मेटची कातडी सोलली असेच कुणाला वाटले असते.

त्या कागदाच्या मागे जी साधी पारदर्शक प्लेट असते, ती खरे तर मरण्यासाठीच बसवलेली असते. ठिणग्या तिने झेलायच्या, तिच्यावर फोड यायचे, मग ती टाकून दुसरी घालायची. चार जणांच्या भाजी-पावाच्या पैशांत मिळते. पण तुम्ही ती बदलू नका. थिनरच्या बोळ्याने घासा, म्हणजे ती दुधाळ होईल. समोरचे दिसत नाही म्हणून मग तुम्ही मान खाली घालून आर्कच्या आणखी जवळ जाल, धूरही पोटभर मिळेल. प्लेट अगदीच आंधळी झाली तर काढून फेका आणि तिच्याशिवायच काम सुरू करा. ठिणग्या थेट मागच्या खऱ्या फिल्टरवर, म्हणजे काळ्या होणाऱ्या काचेवर बसतील. त्याची किंमत बहुतेक वेळा पूर्ण हेल्मेटच्या किमतीला जाऊन भिडते. साबणाचे पाणी आणि मऊ फडके ही गोष्ट चष्मेवाल्यांसाठी आहे.

आता बटणे. आत किंवा बाजूला दोन-तीन गोल खुंट्या असतात. एकीवर ९ ते १३ आकडे. हा काचेचा काळेपणा. दहा नंबर जाडीच्या रॉडने शंभर-एकशेवीस अँपिअरवर काम चालले असेल तर १० किंवा ११ वर ठेवावे, असे आमच्यासारखे जुने लोक म्हणतात. तुम्ही आधीच्या माणसाने जिथे ठेवली तिथेच ठेवा. त्याचेही काही मत असेल. दुसरी खुंटी संवेदनशीलतेची. ती कमी केली की बारीक आर्कला काच दाद देत नाही, फार वाढवली की भर दुपारच्या उन्हात, किंवा शेजारी कुणी दुसरा वेल्डिंग करत असेल तर त्याच्या उजेडाने, उगाच काळी होते. तिसरी खुंटी आर्क विझल्यावर काच किती वेळाने उजळावी हे ठरवते. फार लवकर उजळली तर लालभडक मण्याकडे, म्हणजे जोडावरच्या तापलेल्या धातूकडे, उघड्या नजरेने बघावे लागते. या तिन्ही खुंट्यांचे योग्य स्थान सापडायला पाच मिनिटे लागतात. नरकासुराच्या मिशांना मात्र तीन संध्याकाळी लागतात, तेव्हा आधी मिशा.

आणि तो चौथा खटका, ‘ग्राइंड’ लिहिलेला. माझा सर्वांत लाडका. ग्राइंडर चालवताना काच काळी होऊ नये म्हणून तो असतो. तो लावायचा, नरकासुराचे पत्र्याचे दात घासून टोकदार करायचे, मध्ये चहा प्यायचा, कुणाच्या तरी गर्लफ्रेंडचा विषय काढायचा आणि मग खटका तसाच ठेवून आर्क मारायचा. काच इमानदार असते. तुम्ही काळी होऊ नको म्हणालात, ती होत नाही.

कपाळपट्टीवर दोन किंवा चार बारीक डोळे असतात, सेन्सर. आर्क पेटली हे काचेला तेच सांगतात. तिथे आपल्या मंडळाचा स्टिकर लावायला अतिशय सुरेख जागा आहे. स्टिकर नसेल तर नरकासुराच्या काखेत शिरून वेल्डिंग करा. एका बाजूने त्याचा दंड, दुसऱ्या बाजूने छातीची पट्टी, सेन्सर दोन्हीकडून झाकले, काच लुकलुक करायला लागली. त्यावर ‘काच बिघडली’ असे जाहीर करून हेल्मेट बाजूला ठेवणे आणि नुसते डोळे मिटून टॅक, म्हणजे तुकडा जागेवर पकडणारा वेल्डिंगचा ठिपका, मारणे, ही आपली परंपरा आहे.

या परंपरेबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो. मी बाविशीत होतो. ऑटोवाले हेल्मेट तेव्हा आमच्याकडे कुणी पाहिलेही नव्हते; होती ती काळी काच बसवलेली हातात धरायची ढाल. एका हातात होल्डर, दुसऱ्या हातात घसरणारा अँगल, ढाल धरायला तिसरा हात नाही. (या एका कारणासाठी मी ऑटो काचेला मानतो: दोन्ही हात मोकळे राहतात आणि रॉड कुठे टेकवतो आहे ते आर्कच्या आधी दिसते.) मी तोंड वळवून, डोळे मिटून, चाळीसेक टॅक मारले. भिंत नुकतीच चुन्याने रंगवलेली, पांढरी शुभ्र. उजेड तिच्यावरून परत माझ्याकडेच येत होता. काही झाले नाही. तेच तर त्याचे वैशिष्ट्य. किरण लागतात संध्याकाळी, पावती येते सहा ते बारा तासांनी.

पहाटे तीनला आली. दोन्ही पापण्यांखाली कुणी मिरामार किनाऱ्यावरची ओंजळभर वाळू भरून वर चोळते आहे असे वाटले. पाणी थांबेना, डोळे उघडेनात. बाहेर नरकासुर जाळायची आरडाओरड, फटाके. आईने हाताला धरून मोरीपर्यंत नेले, तेल-उटणे लावले, आणि मग तुळशीपुढे उभे करून म्हणाली, ‘फोड कारीट.’ मी डाव्या पायाचा अंगठा आपटला तो अंगणातल्या दगडावर. दुसऱ्यांदा शेजारच्या काकांच्या पायावर. तिसऱ्यांदा आईने माझा पाय धरून कारिटावर ठेवला आणि स्वतःच ‘गोविंदा’ म्हणाली. पाच प्रकारचे फोव, म्हणजे पोहे, मी वासावरून ओळखून खाल्ले. वाड्यावर सर्वांचे एकमत झाले की मी रात्री फेणी घेतली होती.

अशा वेळी काय करायचे, त्याचे सल्ले तर वाड्यावर विनामूल्य मिळतात. बटाट्याच्या चकत्या ठेवा. कुणाच्या तान्ह्या बाळाच्या आईचे दूध घाला. गुलाबपाणी घाला. किंवा गेल्या वर्षी आजोबांच्या मोतीबिंदूनंतर उरलेले थेंब कपाटातून काढा. बाटलीवरची तारीख वाचायला डोळे उघडत नाहीत, ही एक सोयच. ठणका ताबडतोब थांबवणारे बधिरतेचे थेंब डॉक्टर घरी न्यायला देत नाहीत, कारण ते पुन्हापुन्हा घातले तर बुबुळावरची जखम भरत नाही. पण ओळखीचा मेडिकलवाला असताना डॉक्टरकडे कोण जातो? बुबुळाची वरची साल एक-दोन दिवसांत बहुधा भरून येते. त्यामुळेच पुढच्या वर्षी पुन्हा तेच करता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या अतिनील किरणांना थेट पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत बसवले. डोळ्याच्या आतल्या मेलानोमाचा संबंध त्यात आहे. पण वर्गणीच्या दिवसांत असे अशुभ बोलू नये.

एक गुपित मात्र सांगतो, पोरांना कळू देऊ नका. चांगल्या हेल्मेटच्या काचेत अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर कायमचा असतो. बॅटरी मेलेली असो, काच उजळ असो, तो थर आपले काम करतच राहतो. काळे होणे हे फक्त डोळे दिपू नयेत यासाठी. म्हणजे ज्या किरणांनी माझी दिवाळी झाली, ते काच चेहऱ्यापुढे असताना कधी लागतच नाहीत. ते लागतात हेल्मेट वर उचलून ‘एकच टॅक’ मारताना. आणि ते लागतात बाजूच्यांना.

बाजूचे! त्यांना विसरून कसे चालेल? रात्री एक वाजता वाड्यावर वेल्डिंग सुरू झाले की सगळे गोलाकार उभे राहतात. अँगल धरून उभा असलेला पोरगा, त्याला हेल्मेट नाही, तो ‘मी बघत नाही हो’ म्हणत बोटांच्या फटीतून बघतो. दोन आजोबा खुर्च्या आणून बसलेले. सायकलवर एक पाय टेकलेली सहा वर्षांची पोरटी. मध्ये एक ताडपत्री आडवी टांगली तर सगळ्यांचे डोळे वाचतात. पण मग बघणार काय? तुम्ही ताडपत्री टांगू नका. उलट व्हिडिओ करणाऱ्याला पुढे घ्या. त्याला मोबाइलच्या कॅमेऱ्याची फार काळजी असते, तो लेन्सपुढे काळी काच धरतो.

काम संपले की हेल्मेट कुठे ठेवायचे? छोट्या टेम्पोच्या डॅशबोर्डवर, उन्हात, काच वर करून. पुस्तिकेत पंचावन्न अंशांच्या वर नेऊ नका असे काहीतरी लिहिलेले असते; पुस्तिका आपण डब्यासह जाळली. तिथून ते अडगळीत टाका, पुढचे अकरा महिने. तेवढ्यात आपला पाऊस येऊन जातो. चपलांवर बुरशी येते, कपाटातल्या लग्नाच्या शालूवर येते, मग काचेच्या आत आली तर नवल ते काय? बॅटरीच्या कप्प्यात हिरवट गंज धरतो. ‘सोलार आहे’ म्हणून बॅटरी तपासायची नसते. बहुतेकांत सोलारच्या जोडीला आत नाण्याएवढी लिथियमची बॅटरी असते, आणि काही हेल्मेटांत ती बदलताच येत नाही, हे अकराव्या महिन्यात कळण्यात मजा आहे. टेस्टचे बटण दाबून काच काळी होते की नाही ते आर्क मारण्याआधी बघता येते. बटण छोटे असते. अंगठा मोठा असतो. जाऊ द्या.

हो, स्लॅग, म्हणजे जोडावर साचलेली कडक खपली, उडवताना हेल्मेट वर करा आणि आत साधा चष्मा घालू नका. चिपिंगच्या हातोडीने उडालेला गरम तुकडा कुठे जातो हे प्रत्यक्ष बघायला मिळेल.

परवा यंदाची पहिली मीटिंग झाली. मला बोलावले, कारण मशीन माझे. एका पोराने वहीतून खर्चाचा अंदाज वाचून दाखवला. अँगल आणि पाइप, रॉडची पाकिटे, वायपरच्या दोन मोटरी, जिलेटिन पेपर, साउंड. मग ‘नरकासुराचे डोळे: लाल एलईडी, लुकलुकणारे, अडॅप्टरसह, बाराशे रुपये.’ कुणीतरी म्हणाले, बाराशेत साधे येतात, लांबून दिसायला हवेत. सर्वानुमते दोन हजार झाले. मी घसा खाकरून हेल्मेटच्या पुढच्या प्लेटचे नाव काढले, तर पोराने वहीत बघितले, पेन कानामागून काढले आणि माझ्यादेखत लिहिले: ‘प्लेट, जुनी चालेल.’